अर्धी कॉइल

पिंपळखेडी, ता. रावेर
८ डिसेंबर २०२४

चि. ज्योत्स्ना,

आत्याचे आशीर्वाद. आणि आता तूही आत्या झालीस, तेव्हा पेढे घ्यायला ये. समाधानला मुलगा झाला. नाक आपल्या घराण्याचं घेऊन आलाय, म्हणजे बिचाऱ्याला पुढे ऐकून घ्यावं लागणारच.

वृषाली बरी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत, पण तिला आई नाही. शिरपूरला वडील मोतीलालभाऊ आणि भावजय दिपमाला. दिपमालाच्या पदराला स्वतःचीच दोन लहान. म्हणून मी हट्टाला पेटले की सुनेचं बाळंतपण मीच करणार. मोतीलालभाऊ पोरीला सोडून गेले तेव्हा उंबऱ्यात रडले. त्यामुळे आता माझ्या हातून काही कमी पडायला नको, एवढीच काळजी आहे.

समाधान म्हणतो ताईला फोन लाव. मला फोनमध्ये नुसती गुणगुण ऐकू येते. कान गेले ते गेले, म्हणून आपलं पत्रच बरं. अडचण अशी आहे. बाळंतिणीला बाजेखाली शेगडी ठेवून शेक देतात, तुला ठाऊक आहे. पण बाळाच्या छातीत घरघर आहे आणि डॉक्टरीणबाईंनी कोळशाच्या धुराला सक्त मनाई केली. मग समाधानने विजेची शेगडी आणली, कॉइलची. ती इतकी मवाळ तापते की मांजरसुद्धा जवळ येऊन बसत नाही. मगन वायरमनला बोलावलं. त्याने चिमट्याचं मीटर लावलं आणि म्हणाला, "काकू, शेगडी बेस आहे. लाईनच मरेल आहे आपली."

मीटरवर व्होल्टेज १५५ आलं आणि करंट २.९ अँपिअर. शेगडीच्या पाठीवर २३० व्होल्ट, १००० वॅट असं छापलंय. आता तू देवपूरच्या कॉलेजात पोरांना हेच शिकवतेस ना? मग सांग बघू, ही शेगडी तापवायची कशी.

तुझी,
मंदाआत्या

*

देवपूर, धुळे
१३ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

नमस्कार. बाळाला माझे पापे आणि नाकाबद्दल सहानुभूती.

तुझं गणित मी स्टाफरूममध्ये चहा येईपर्यंत सोडवलं, तेव्हा फीचं मनावर घेऊ नकोस. १५५ला २.९ने भागलं की कॉइलचा रोध कळतो, साधारण ५३ ओहम. त्याच दोन आकड्यांना गुणलं की शक्ती कळते, ४५० वॅट. म्हणजे हजाराची शेगडी तुमच्या गावात निम्मंसुद्धा काम करत नाही. गावातल्या इतर मंडळींसारखीच आहे म्हण ना.

उपाय सोपा आहे. कॉइल अर्धी कापायची. तू म्हणशील, अर्धी कापली तर आणखीच थंड होईल. नाही होणार. केळीच्या ठिबकची नळी आठव. नळी जितकी लांब तितकं शेवटच्या झाडाला पाणी रडतखडत पोचतं, नळी आखूड केली की जोर येतो. तसंच इथे. कॉइल अर्धी झाली की रोध अर्धा, करंट दुप्पट, आणि शक्ती जवळजवळ नऊशे वॅट. मगनला बजावून सांग, बरोबर मधोमध मोजून काप, एक बोटही जास्त नको. शेगडी हजाराची आहे, हजाराच्या वर जायचं नाही. नऊशेवर वृषालीला चांगली ऊब मिळेल.

बाकी लाईन सुधारायला नव्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, वाट बघू नका. ती मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून येते आहे. बाळ कॉलेजात गेलं की बसेल.

तुझी,
ज्योत्स्ना

*

पिंपळखेडी
२० डिसेंबर २०२४

चि. ज्योत्स्ना,

शिकलेलं माणूस घरात असावं ते यासाठी. मगन आधी कापायला घाबरत होता. मी तुझं पत्र त्याच्या नाकासमोर धरलं, तसा म्हणाला, "मॅडमनं हिशोब करून देला नं, मंग काह्याची भीती?" मोजून मधोमध कापली. आता कॉइल कशी लालभडक होते! वृषालीच्या कपाळाला घाम फुटतो. सकाळी मालीश, आंघोळ, मग बाजेवर गोधडी घालून शेक. बाळही तिच्या कुशीत गप झोपतं. परवा मोतीलालभाऊंना फोनवर ती म्हणाली की इथे माझे आईपेक्षा जास्त लाड आहेत. समाधानने मला ओरडून सांगितलं, म्हणून कळलं.

आणि तुझं तोंड बंद करायची बातमी. डीपी खरंच येते आहे. मारुतीच्या पाराजवळ खांब उभे राहिले. वीजवाले म्हणाले, नव्या वर्षाच्या आत चालू करून देतो.

पोरी, परीक्षा आटोप आणि ये.

तुझी,
मंदाआत्या

*

देवपूर, धुळे
६ जानेवारी २०२५

ती. आत्या,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं त्याच दिवशी वाचलं, डीपीचं वाचून हसले आणि पर्समध्ये ठेवून दिलं. मग प्रात्यक्षिकं, मग पेपर, मग सहलीची कटकट. पर्स रोज खांद्यावर होती, पत्र रोज पर्समध्ये होतं.

आज वर्गात ओहमचा नियम शिकवत होते. फळ्यावर व्होल्टेजच्या जागी नेहमीप्रमाणे २३० लिहिलं आणि खडू हातातच राहिला. आत्या, मी तुझं सगळं गणित १५५ धरून केलं होतं. डीपी बसली असेल तर ते गणित राहिलं नाही. ती अर्धी कॉइल आता वापरू नका. लगेच नवी, पूर्ण लांबीची बसवून घ्या, आणि तोवर शेगडी प्लगलाच लावू नका.

समाधानला दुपारपासून फोन करते आहे, तो उचलत नाही. केळीची काढणी चालू असेल. त्याला निरोप टाकला आहे आणि हे पत्रही टाकते. पत्र मिळताच कळव. उगाच जिवाला घोर लागला आहे. डीपी अजून बसलीच नसेल, असंही वाटतं. तुमचं गाव आहे, बसली नसेलच.

तुझी,
ज्योत्स्ना

*

पिंपळखेडी
११ जानेवारी २०२५

चि. ज्योत्स्ना,

पत्र पोचलं. शेगडीची काळजी करू नकोस, ती काढून टाकली. आता थंडीही तेवढी नाही.

वृषाली बाळाला घेऊन शिरपूरला गेली आहे. वडिलांना नातवाला बघायचं होतं. घर मोकळं मोकळं वाटतं. समाधान शेतात असतो, त्याचा फोन बिघडला आहे.

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. थंडीने बोटं आखडलीत. आणि कॉइलचं वगैरे आता पत्रात लिहू नकोस. झालं ते झालं, संपलं. तू अभ्यास घे पोरांचा.

तुझी,
मंदाआत्या

*

देवपूर, धुळे
१७ जानेवारी २०२५

ती. आत्या,

एकाच पत्रात थंडी तेवढी नाही म्हणालीस आणि थंडीने बोटं आखडलीत म्हणालीस, तेव्हाच मला समजायला हवं होतं की तू काहीतरी लपवते आहेस. नाही समजलं. समजून घ्यायचं नव्हतं बहुतेक. जीव भांड्यात पडला आणि मी तो तिथेच राहू दिला.

काल समाधानचा फोन लागला. माझा आवाज ऐकताच रडायला लागला. डीपी चालू झाली, गावाने नारळ फोडला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तू रोजच्यासारखी शेगडी बाजेखाली सरकवलीस. गोधडीची कड खाली लोंबत होती, ती पेटली. वृषालीने बाळाला वर उचलून धरलं आणि तिचा पाय भाजला. संध्याकाळी मोतीलालभाऊ जीप घेऊन आले आणि दोघांना घेऊन गेले. आता परत पाठवत नाहीत. तू त्यांना काय सांगितलंस तेही कळलं. कॉइल तुटली होती, नवी आणायचा आळस केला, मीच मगनकडून आखूड करून घेतली. असं म्हणालीस ना?

आत्या, ते खोटं आहे. आळस तुझा नव्हता. तुझं पत्र माझ्याजवळ दोन आठवडे होतं. त्यात खांब उभे राहिल्याचं तू स्वतः लिहिलं होतंस. एक फोन समाधानला केला असता तर पुरे होतं. मी हसले.

काल रात्रीपासून एकच हिशोब करते आहे. नव्या डीपीवर २३५ व्होल्ट. अर्ध्या कॉइलचा रोध २७च्या आत. भागिले तर पावणेनऊ अँपिअर, गुणिले तर दोन हजारांहून जास्त वॅट. मी नऊशे सांगितले होते. शेगडी तीच, बाज तीच, आणि खाली दुपटीहून जास्त विस्तव. हे आकडे कितीदाही मांडले तरी तेच येतात.

मी मोतीलालभाऊंना सगळं सांगणार आहे. माझ्या चुकीसाठी तू नातवाला मुकलीस, हे मला सहन होत नाही.

तुझी,
ज्योत्स्ना

*

पिंपळखेडी
२२ जानेवारी २०२५

ज्योत्स्ना,

काहीही सांगायचं नाही. तुला माझी शपथ.

तुझं गणित बाजूला ठेव आणि माझं ऐक. शेगडी लावून मी मागच्या ओट्यावर मेथी निवडायला बसले, दाराकडे पाठ करून. आत पोर हाका मारत होती. शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं, चार घरं पलीकडची बाई धावत आली. मला ऐकू आलं नाही. मला जळक्या कापसाचा वास आला तेव्हा मी वळले. आता मला सांग, यात तुझी कॉइल कुठे आली? ऐकू येत नाही हे ठाऊक असून बाळंतिणीला एकटी सोडून मी बाहेर बसले. उन्हासाठी बसले. पाठ शेकायला.

मोतीलालभाऊ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. दारातच उभे राहिले आणि म्हणाले, समाधानने माझ्या कानाशी परत सांगितलं, "आईबिगरनी पोर तुमना वटीमा टाकेल व्हती, अक्का. बठ्ठा भरोसा तुमनावर व्हता. आते मी धाडाव नही." म्हणजे पोर आता परत यायची नाही. मी म्हटलं, "मले आयकूच नाही आलं, भाऊ." समाधान म्हणतो, मी हे फार मोठ्याने म्हणाले. मला माझा आवाजही कळत नाही.

म्हातारीची चूक लोक विसरतात. म्हणतात, बहिरी आहे, वय झालं, होतं असं. वर्षभराने मोतीलालभाऊही म्हणतील. शिकलेल्या माणसाची चूक कोणी विसरत नाही. तुझी नोकरी आहे, वर्गात उभं राहायचं आहे. तुझं पत्र मी चुलीत घातलं आहे आणि मगनला तोंड शिवून घ्यायला सांगितलं आहे. तू गप्प बैस. माझ्या वाटणीचं मला निस्तरू दे.

तुझी,
मंदाआत्या

*

देवपूर, धुळे
२७ जानेवारी २०२५

प्रिय वृषाली,

हे पत्र आत्याची शपथ मोडून लिहिते आहे.

शेगडीची कॉइल आत्याने आळसापोटी आखूड केली नव्हती. ती मी कापायला सांगितली. आत्याने मला व्होल्टेज आणि करंटचे आकडे पाठवले, मी त्यावरून रोध काढला, शक्ती काढली आणि पत्रातून कळवलं की बरोबर मधोमध कापा, म्हणजे नऊशे वॅट मिळतील. ते गणित फक्त १५५ व्होल्टला खरं होतं. नवी डीपी बसणार हे आत्याने मला आधी कळवलं होतं. मी तिकडे दुर्लक्ष केलं. व्होल्टेज २३५ झालं तेव्हा त्याच कॉइलमधून दोन हजारांहून जास्त वॅट निघाले असणार. हे मला आठ दिवस आधी सांगता आलं असतं.

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. वर्गात तो धडा मी दुसऱ्या सरांना घ्यायला सांगितला. फळ्यावर ते सूत्र लिहायला हात धजत नाही. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की आकडा घ्यायच्या आधी तो बदलणारा आहे की नाही हे बघा, आणि स्वतः तेच बघितलं नाही. आरशात बघायची लाज वाटते. तू मला शिक्षा केलीस तर बरं वाटेल. आत्याला मात्र करू नकोस. ती माझं पाप पोटात घालून बसली आहे.

हे पत्र तू वडिलांना दाखव. सगळा दोष माझा आहे, हे त्यांना कळू दे. मी तुझी आणि बाळाची जन्माची गुन्हेगार आहे.

तुझी,
ज्योत्स्नाताई

*

पिंपळखेडी
६ फेब्रुवारी २०२५

ज्योत्स्ना,

केलंस शेवटी. मन हलकं करायला माणूस देवळात जातो, तू पोस्टात गेलीस.

रविवारी मोतीलालभाऊ आले, सोबत त्यांचे दोन भाऊबंद. हातात तुझं पत्र. माझ्या आळसावर त्यांनी विश्वास ठेवला होता, चिडले होते, पण निवळले असते. समाधानला मागच्या आठवड्यात त्यांनी चहा पाजला होता, बाळ मांडीवर दिलं होतं. आता म्हणतात, आळस नव्हता तर, ठरवून केलं. कागदावर आकडे मांडून, मोजून मापून, आत्या-भाचीनं मिळून कॉइल कापली आणि तिच्यावर आमची पोर झोपवली. वर मी खोटं बोलले. खरं होतं तर लपवलं का, म्हणतात. तुला वाचवायला लपवलं म्हटलं, तर म्हणाले, तेच तर आम्ही म्हणतो.

त्यांचा एक भाऊ पोलिसांत जाऊ म्हणत होता. मोतीलालभाऊ म्हणाले, आधी फारकतीचं बोलू, मग ते. समाधान मधे बोलायला गेला तर त्याला म्हणाले, तू बायकोच्या पायाशी होतास का तेव्हा? तो काल जेवला नाही. मगनही आता आमच्या घरावरून जात नाही.

तुझ्यावर रागावू तरी किती? लहानपणी काही फोडलंस तर आपणहून येऊन सांगायचीस, आणि सांगून झालं की खेळायला पळायचीस. काच मी वेचायचे.

आता कोणाला काही लिहू नकोस. मलाही नको.

मंदाआत्या

*

शिरपूर
१४ फेब्रुवारी २०२५

ज्योत्स्नाताई,

नमस्कार. तुमचं पत्र बाबांनी आधी उघडलं. मला ते त्यांच्या भावांच्या नंतर मिळालं. पिंपळखेडीला जाऊन ते काय बोलून आले, ते मला दिपमालावहिनीकडून कळलं. मी बारावी सायन्स केलं आहे, हे बहुतेक बाबाही विसरले होते.

मी कागद घेऊन बसले आणि तुमचं गणित पहिल्यापासून मांडलं. बाबांना समोर बसवलं. त्यांना म्हटलं, शेगडीवर हजार छापलेत. १५५ व्होल्टला अर्धी कॉइल किती देते बघा. नऊशे. हजाराच्या आत. ज्याला जाळायचं आहे तो छापलेल्या आकड्याच्या आत थांबत नाही. ज्याला मला ऊब द्यायची आहे तोच थांबतो. मगनदादा कापत होते तेव्हा मी बाजेवरच होते. आई त्यांना सारख्या म्हणत होत्या, "मधोमध काप बापा, बोटभरही जास्त नको." तो शब्द कुठून आला ते मला तुमचं पत्र वाचून कळलं.

बाबा म्हणाले, "मंग तुना पाय कसाले जळना?" मी खाली २३५ लिहून तेच गणित पुन्हा केलं. त्यांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे लाईन सुधरनी, आनि तुना पाय जळना." उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच यांना फोन केला. पोलिसांचं आणि फारकतीचं आता घरात कोणी बोलत नाही. पुढच्या आठवड्यात मी आणि बाळ पिंपळखेडीला जातो आहोत. बाबा स्वतः सोडायला येणार आहेत.

आईंवर माझा राग नव्हता, आधीही नव्हता. त्यांना ऐकू येत नाही हे मला माहीत आहे. पण वळून आत आल्या तेव्हा त्यांनी काठी शोधली नाही की पाणी शोधलं नाही. माझ्या पायावरची पेटलेली गोधडी नुसत्या हातांनी ओढली आणि हातांनीच दाबून विझवली. बाबा आले तेव्हा आईंनी हात पदराखाली घेतले. हे म्हणतात, त्याच हातांनी त्या तुम्हाला पत्रं लिहीत होत्या. तुम्ही रोज पोरांचे पेपर तपासता. त्यांचं अक्षर वाकडं का झालं, हे तुम्हाला विचारावंसं वाटलं नाही?

आता माझं सांगते. राग मानू नका, मानला तरी चालेल. तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. त्यात डीपी आहे, व्होल्टेज आहे, तुमचा फळा आहे, तुमचा आरसा आहे, तुम्हाला न जाणारं जेवण आहे. माझा पाय कुठेच नाही. तुम्हाला शिक्षा हवी आहे, ती मी द्यायची, आणि मग तुम्हाला बरं वाटणार. ताई, मला दिवसाला दोनदा पट्टी बदलावी लागते. तुम्हाला बरं वाटवायला माझ्यात ताकद नाही.

चूक झाली ती मी सोडून दिली. ती गणितात कोणाचीही झाली असती. पण आईंनी लपवलं ते तुमच्यासाठी, आणि तुम्ही सांगितलं तेही तुमच्यासाठी. एवढं एक मनात राहिलं आहे. लिहून टाकलं.

आपली,
वृषाली

*

देवपूर, धुळे
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय वृषाली,

आत्याच्या हातांसाठी तिला वेगळं पत्र टाकलं आहे. हे तुझ्यासाठी.

पाय कुठला, उजवा की डावा? कुठवर भाजला आहे? पट्टी कोण बदलतं, आणि बदलताना फार आग होते का? घोटा वळतो का? बाळाला मांडीवर घेताना कातडी ओढली जाते का? रात्री पांघरूण सहन होतं का? डॉक्टर काय म्हणतात, खूण राहील का?

पुष्कळ वेळ बसून एवढं लिहिलं. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही.

ज्योत्स्ना